पाचव्या पानापुढे

नव्याने लिहू लागलेल्यांशी बोलताना 'सुरुवात कशी करावी' हा प्रश्न हमखास येतो. मला तो नेहमीच थोडा अस्थानी वाटतो, कारण विचारणाऱ्याने सुरुवात बहुधा केलेलीच असते आणि अडलेले असते ते पुढेच. माझ्या संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये चौदा कथांच्या सुरुवाती वर्षानुवर्षे पडून होत्या. त्यांतल्या काहींचा पहिला परिच्छेद मला आजही आवडतो, पण एकही कथा पाचव्या पानापुढे गेलेली नव्हती.

पहिल्या पानावर लेखकाला वाचकाची उत्सुकता तेवढी चाळवायची असते. पाचव्या पानाच्या सुमारास त्या उत्सुकतेची परतफेड सुरू करावी लागते. पात्राला रागाच्या भरात घराबाहेर काढणे सोपे असते, परंतु ते आता कुठे जाणार हे एकदा ठरवले की ते जाऊ शकले असते अशा बाकीच्या सगळ्या वाटा बंद होतात, आणि मनात झगमगणारी कथा कागदावर एकदम साधारण दिसू लागते. नेमकी त्याच वेळी दुसरी, अधिक टवटवीत कल्पना सुचते. मी पुष्कळ दिवस तिला प्रतिभा समजत होतो. ती पळवाट होती.

या मधल्या रखरखीत टप्प्यासाठी मला अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराचा फार आधार वाटतो. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून तो पहाटे साडेपाचला लिहायला बसत असे आणि त्या वेळी आपल्याला उठवण्यासाठी एका वृद्ध नोकराला वर्षाला 5 पौंड जादा देत असे. समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्द, हा त्याचा हिशेब त्याच्या मृत्यूनंतर 1883 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आहे. (हिशेब कारकुनी आहे खरा, पण त्या कारकुनीतून 47 कादंबऱ्या झाल्या.) लोक ही पंधरा मिनिटांची गोष्टच सांगतात. मला त्याहून उपयोगी वाटते ती त्याची दुसरी सवय: पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशी लिहिलेले वाचत असे, वाक्यांचा नाद कानावर घेत असे. अर्धवट कथेकडे आठवडाभराने परतणाऱ्याला कथानक आठवत असते, पण तिचा आवाज हरवलेला असतो, आणि तो आवाज वाचल्याशिवाय परत सापडत नाही.

वेगाची चिंता नवोदितांनी करू नये. रोज 250 शब्द लिहिले तरी तीन हजार शब्दांची कथा बारा दिवसांत पुरी होते.

शेवटाचे काम मात्र वेगळे आहे. हेमिंग्वेने एका कादंबरीचे शेवटचे पान 39 वेळा लिहिल्याचे 1958 साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत सांगितले होते, आणि अडचण काय होती असे विचारल्यावर योग्य शब्द सापडणे, एवढेच उत्तर दिले होते. ही मुभा त्याला मिळाली, कारण पुन्हा लिहिण्यासाठी हातात काहीतरी शेवट होता. म्हणून अडलेल्या कथेचा शेवट मी आता आधी दहा साध्या, कुरूप ओळींत लिहून टाकतो. त्या वाचून कथेत जीव नाही असे कळले, तर ती निःशंकपणे सोडतो. तोपर्यंत तिला टाकाऊ ठरवत नाही.

मी पूर्ण केलेली पहिली कथा एका संपादकांनी 'शेवट घाईत उरकला आहे' एवढ्या एका ओळीसह परत पाठवली होती. त्या दिवशी राग आला. पण फोल्डरमधल्या चौदा सुरुवातींबद्दल कुणालाच इतके नेमके काही सांगता आले नसते.

सध्या तिथे अकरा उरल्या आहेत. दोन पूर्ण झाल्या, आणि तिसरीचा शेवट मी सहाव्यांदा लिहितो आहे.