तुम्ही विचारलंत म्हणून: स्पेनमधले अराजकवादी डॉक्टर आणि शरीरसुख

"अराजकवादी डॉक्टर म्हणजे कुणीही कुणाबरोबर काहीही करा असं सांगणारे ना?" स्पेनबद्दल बोलले की हे हमखास विचारतात, म्हणून एकदा नीट सांगते.

तसं अजिबात नव्हतं. अराजकवादी म्हणजे माणसावर सरकारची किंवा कुणाचीच सत्ता नको म्हणणारे. व्हॅलेन्सियाहून 'एस्तुदिओस' नावाचं अराजकवादी मासिक निघायचं, त्यात 1930 च्या दशकात डॉ. फेलिक्स मार्ती इबान्येस लैंगिक सल्ल्याचं सदर चालवायचे, वाचकांनी घरी कुणाला विचारता येत नाही ते पत्रातून विचारायचं आणि त्यांनी छापून उत्तर द्यायचं (आपले र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य'मधून हेच करत होते, आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्याही चढले). मार्ती इबान्येस यांचं म्हणणं सरळ होतं, शरीरसुख पाप नाही, ते मूल होण्यापासून वेगळं करता येतं, आणि दिवस राहायची भीती उशाशी घेऊन झोपणाऱ्या बाईला कसलं आलंय स्वातंत्र्य!

आणि हे नुसतं लिहिण्यापुरतं राहिलं नाही. यादवी युद्ध पेटलेलं असताना मार्ती इबान्येस स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांताच्या आरोग्य खात्याचे प्रमुख झाले आणि डिसेंबर 1936 मध्ये गर्भपात कायदेशीर करणारा हुकूम निघाला, 12 आठवड्यांपर्यंत, आणि कारणांमध्ये बाईची स्वतःची इच्छा पण धरलेली. 1936 मध्ये! मला आजही ते वाचताना भारी वाटतं.

पण माझा खरा जीव डॉ. अम्पारो पोक यांच्यावर. सारागोसाच्या, 1929 ला डॉक्टर झाल्या, बाईच्या लैंगिक जीवनावर पुस्तिका लिहिली, आणि 1936 मध्ये दोन मैत्रिणींबरोबर 'मुखेरेस लिब्रेस' म्हणजे मुक्त स्त्रिया हे मासिक काढलं, त्याचीच पुढे संघटना झाली. मुक्त प्रेमाची, म्हणजे लग्नाच्या बंधनाशिवाय राजीखुशीनं केलेल्या प्रेमाची, बाजू त्यांनी उघडपणे घेतली. पण मुक्त प्रेमाच्या गप्पा मारायच्या आणि वेश्यावस्तीत पण जायचं हे संघटनेनं आपल्याच कॉम्रेड पुरुषांना चालवून घेतलं नाही. वेश्या व्यवसायातून बाहेर पडू बघणाऱ्या बायकांसाठी उपचार, शिक्षण आणि काम एकत्र मिळेल अशा केंद्रांची योजना त्यांनी मांडली, कारण पोटासाठी केलेल्या संगाला मुक्त कसं म्हणायचं?

एक गोष्ट मात्र मला खटकते. समलैंगिक माणसांना शिक्षा नको म्हणणारे मार्ती इबान्येस त्यांना निरोगी मात्र मानत नव्हते, आणि त्या गर्भपाताच्या हुकुमाच्या नावातच वंशसुधारणेची, म्हणजे 'चांगल्या' वंशाचीच मुलं जन्मावीत या विचाराची, भाषा आहे. हे डॉक्टर मला कितीही आवडत असले तरी ते झाकून ठेवणार नाही, तुम्ही वाचाल तेव्हा ते पण वाचा.