बोरघाटाचे पूल, खालून पाहिलेले

पहाटेच्या इंद्रायणीत ठाण्याला चढलो तेव्हा अजून उजाडलं नव्हतं. सोबत मामा. पंचाहत्तरी ओलांडलेला, रेल्वेतून ब्रिज इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेला. गेली कितीतरी वर्षं मी त्याला म्हणत होते, की एकदा मला तुझ्या नजरेनं घाट दाखव. या वेळी गणपती उठले तसा त्याचा फोन आला, "पाऊस ओसरलाय, दरीत धुकं नाही. येतेस का?" मी लगेच रजा टाकली.

ठाणं सुटलं की कळव्याच्या अलीकडे खाडी लागते. रोज इथून जाणाऱ्या माणसाचं खाली लक्षही जात नाही. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं, पण तो एकवीस मैलांचा टप्पा त्या मानानं सपाट होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या इंजिनियरांची खरी परीक्षा ठाण्यापुढे सुरू झाली. आधी भरती-ओहोटीची खाडी, तिच्यापलीकडे पारसिकचा डोंगर. खाडीवर पूल बांधून आणि डोंगराच्या कडेनं वाट काढून १ मे १८५४ला गाडी कल्याणला पोचली. "खाडीत पाया घालायचा म्हणजे ओहोटीच्या घड्याळावर काम," मामा म्हणाला. "पाणी उतरलं की माणसं उतरणार, पाणी चढलं की वर." पुढे बराच वेळ तो गप्प बसून पुलाचे खांब मागे जाताना बघत राहिला.

कर्जतला गाडी थांबली. फलाटावर वडे, चहा, गडबड. मागे बँकर, म्हणजे घाटात गाडी मागून ढकलणारी जादा इंजिनं, लागत होती. लहानपणी ते जोडणीचे धक्के मला भूकंपासारखे वाटायचे. मामा मात्र खाली उतरला नाही. त्यानं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. त्यावर पेन्सिलनं एक तिरकी रेघ ओढलेली होती, पायथ्याशी पळसधरी आणि माथ्याशी खंडाळा-लोणावळा. "हा १८६३चा चढ. जवळजवळ सोळा मैलांत १,८३१ फूट वर. सगळ्यात तीव्र जागी ३७ फुटांत १ फूट."

आकडा ऐकायला साधा आहे. पण वाफेच्या इंजिनाला गुळगुळीत लोखंडी रुळावर लोखंडी चाकांनी एवढा चढ ओढून न्यायचा होता, आणि परत येताना त्याच चढावरून गाडी आवरून धरायची होती. उतारावर ब्रेक दगा देतील या भीतीनं घाटात बाजूला वर चढत जाणारे आडमार्ग ठेवावे लागले. सुटलेली गाडी त्यात शिरून चढावर थांबावी, ही योजना.

कंपनीचा मुख्य इंजिनियर जेम्स जॉन बर्कले. रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला, १८५०मध्ये तिशीच्या उंबरठ्यावर मुंबईत आला. सह्याद्रीच्या दोन वाटा त्याच्यासमोर होत्या. एक पुण्याकडे जाणारा बोरघाट, दुसरा नाशिककडचा थळघाट. दोन्हीकडे एकच पेच होता. डोंगर सरळ भिंतीसारखा उठतो आणि त्याच्या अंगावर दर काही अंतरावर खोल घळ कापलेली असते. घळ ओलांडायची तर पूल, दोन घळींच्या मधली सोंड भेदायची तर बोगदा. म्हणून बोरघाटात २५ बोगदे आणि ८ मोठे दरीपूल झाले. लहान पूल आणि मोऱ्या तर कितीतरी.

मला आधी वाटायचं, पूल आखणारा माणूस पूल कुठे बांधायचा ते ठरवतो. मामानं मला त्या दिवशी उलटं शिकवलं. "पूल टाळायचा कुठे, हे आधी ठरतं. रेघ थोडी आत घेतली की पूल निम्मा होतो, पण बोगदा लांबतो. थोडी बाहेर काढली की बोगदा वाचतो, पण दरी खोल लागते. चढ मात्र मोडता येत नाही. कागदावर ही भांडणं वर्षानुवर्षं चालतात." सर्वेक्षणातच काही वर्षं गेली ती यामुळे. जंगल तोडून, कड्यांवरून दोर सोडून मापं घेतली जात होती. पुढे खोदाईच्या वेळी सुरुंगाची भोकं पाडायलाही माणसं दोरावर लटकत होती.

पळसधरी गेली, जांब्रुंग गेलं. गाडीचा आवाज बदलला, जड झाला. बोगदा, उजेड, पुन्हा बोगदा. मधल्या उजेडाच्या तुकड्यात खिडकीतून खाली बघितलं की हिरवी पोकळी आणि दूर तळाशी पाण्याची बारीक पांढरी रेघ. वळणावर गाडीचं पुढचं अंग दिसलं, तेव्हा ते ज्यावरून चाललं होतं तो पूलही क्षणभर दिसला. काळा दगड, ओल्या शेवाळ्यानं मळलेला. मामानं खिडकीच्या गजांवर बोटं टेकवली होती. "बघ, गाडी पुलावर गेली की आवाज पोकळ होतो. मला झोपेत कळायचं."

आता दगडाकडे येते, कारण मला या सगळ्या प्रवासातून सगळ्यात जास्त मोलाचं जे मिळालं ते दगडाबद्दलच आहे. १८५६च्या सुरुवातीला घाटाचं काम सुरू झालं तेव्हा लोखंड विलायतेहून येत होतं. सुएझ कालवा अजून व्हायचा होता, तो झाला १८६९ला. म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून जहाजानं मुंबई, तिथून पायथ्याशी, आणि पायथ्यापासून पुढे बैलगाडी आणि माणसांची पाठ. उलट दगड हाताशी होता, साऱ्या सह्याद्रीचा काळा पाषाण. म्हणून कमानी. दगड दाबाला घाबरत नाही, ताणाला घाबरतो, आणि कमानीत सगळा भार दाब होऊनच खांबात उतरतो. जिथे दरी फारच खोल तिथे मात्र लोखंडाला पर्याय नव्हता. थळघाटातला एहेगावचा पूल तसा आहे. सुमारे ७५० फूट लांब, १८२ फूट उंच, मधल्या गाळ्यांवर लोखंडी तुळया. तो मी कसाऱ्याहून इगतपुरीला जाताना अनेकदा ओलांडला आहे आणि दर वेळी पोटात गोळा आला आहे.

पण काळा पाषाण घडवायला महाकठीण. छिन्नी बोथट होते, हात भरून येतात. डायनामाइटचं पेटंट १८६७चं, म्हणजे या घाटातले सगळे बोगदे साध्या सुरुंगाच्या दारूनं आणि हातानं पाडलेल्या भोकांनी झाले. बांधायला चुना. चुना सावकाश धरतो, त्याला दिवस लागतात. कमान पुरी होईपर्यंत तिला खालून लाकडी सांगाडा आधार देतो आणि माथ्यावरचा शेवटचा दगड बसल्याशिवाय तो काढता येत नाही. पाऊस येतो जूनमध्ये. म्हणजे कोरड्या आठ महिन्यांत पाया, खांब, कमान आणि चुन्याला धरायला वेळ, एवढं बसवायचं. उन्हाळा चढला की डोंगरावर पाणी नाही, आणि मग पटकी. किती माणसं तिच्यात गेली याचा विचार केला की खिडकीतून बाहेर बघणं अवघड होतं. १८६१मध्ये कामावरच्या माणसांची संख्या ४२ हजारांच्या घरात होती. बायका डोक्यावरून माती आणि पाणी वाहत होत्या. पोरंही होती.

१८५९च्या जानेवारीत मजुरी थकल्यावरून घाटात दंगल झाली. कंत्राटदार विल्यम फॅविएलनं त्याच वर्षी काम सोडलं. त्यानंतर सॉलोमन ट्रेडवेल आला आणि मुंबईत उतरल्यावर काही आठवड्यांतच वारला. कंत्राट त्याच्या बायकोनं, ॲलिसनं पुढे नेलं. दोन अनुभवी इंजिनियरांना हाताशी धरून तिनं ते पुरं केलं आणि घाटाच्या कामाची छायाचित्रंही काढली. परक्या देशात नवरा गेल्यावर या बाईनं पहिल्या जहाजानं परत जायचं ठरवलं असतं तर कुणी तिला बोल लावला नसता. २१ एप्रिल १८६३ला गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या हस्ते घाट खुला झाला. बर्कले तेव्हा नव्हता. प्रकृती ढासळून तो इंग्लंडला परतला होता आणि १८६२च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी गेला.

लोणावळ्याला उतरलो, चहा घेतला आणि रिक्षानं खंडाळ्याला आलो. मामाला जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनची बाजू दाखवायची होती. डोंगराच्या अरुंद सोंडेवर वळायला जागा नव्हती. मग बर्कलेनं गाडी सरळ सोंडेच्या टोकापर्यंत नेली, तिथे इंजिन एका टोकाकडून काढून दुसऱ्या टोकाला लावलं आणि उलट दिशेनं पुढचा चढ सुरू केला. एका थांब्यानं एक अवघड वळण वाचलं. १९२९ला नवी वाट झाली तेव्हा ते बंद पडलं. त्याच परिसरातला सडकेचा अमृतांजन पूलही २०२०च्या टाळेबंदीत पाडला. आम्ही दोघं कठड्याशी उभे राहिलो. खाली द्रुतगती मार्गावरचे ट्रक मुंगीएवढे.

तिथे मी मामाला विचारलं, "इतकी वर्षं पूल तपासलेस, भीती कशाची वाटायची?"

"आतल्या भरावाची," तो पटकन म्हणाला. मग त्यानं १८६७ची गोष्ट सांगितली. घाट खुला होऊन चार वर्षं झाली होती. इंग्रजी कागदांत 'मऊ-के-मल्ली' असं लिहिलेला दरीपूल, ५०-५० फुटांच्या आठ कमानींचा, ऐन पावसाळ्यात, १९ जुलैला कोसळला. पुढे या रेल्वेच्या दगडी बांधकामांबद्दल मोठी ओरड झाली. दर्शनी बाजूला नीट घडवलेले दगड, आत मात्र गोट्यांची भर आणि कमी चुना. दोन्ही बाजूंना बांधून धरणारे, भिंतीत खोल जाणारे दगड पुरेसे नाहीत. पूल पुन्हा उभारावा लागला.

"बाहेरून बघशील तर खांब देखणा. म्हणून आम्ही हातोडी घेऊन जायचो. दगडावर टकटक करायची. भरीव असला तर आवाज खणखणीत. आत पोकळी झाली असली तर बद्द, फुटक्या मडक्यासारखा. अगं, तीस वर्षं मी त्या आवाजासाठी कान लावून बसलो." त्यानं कठड्याच्या दगडावर बोटाच्या पेरांनी दोनदा ठोकलं आणि मान डोलावली.

उतरताना जुन्या रस्त्यानं एसटी घेतली. शिंग्रोबाचं देऊळ आलं तसं चालकानं वेग कमी केला, पुढच्या बाकावरच्या बाईनं खिडकीतून नाणं टाकलं. इंग्रज साहेबांना घाटातली वाट सापडेना, तेव्हा ती दाखवणारा हा धनगर. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्यानं देश परत मागितला आणि त्याला गोळी घातली, अशी गोष्ट इकडे सांगतात. मामानं हात जोडले. मीही जोडले. दुर्बीण आणि साखळी घेऊन आलेल्या माणसाला गुरांच्या वाटा माहीत असायचं कारण नाही. त्या कुणीतरी दाखवल्या असणारच.

खोपोलीला पोचेपर्यंत दिवस कलला होता. हे स्टेशन १८५६चं. पुणे-खंडाळा मार्ग १८५८च्या जूनमध्ये सुरू झाला, पण मधला घाट व्हायचा होता. त्यामुळे पाच वर्षं उतारू इथल्या पायथ्याशी उतरून पालखी, तट्टू किंवा बैलगाडीनं वर जात आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. आता कर्जत लोकल उभी होती, जवळजवळ रिकामी.

पळसधरीच्या अलीकडे काळोख पडला. मामा दारात उभा राहून घाटाकडे बघत होता. वर डोंगराच्या अंगावर एक दिवा हळूहळू खाली सरकत होता. तो दिसेनासा झाला. काही वेळानं पुन्हा दिसला, पुन्हा गेला, पुन्हा आला.

"दोन बोगदे झाले," मामा म्हणाला. "आता पूल."