तुझं काय चाललंय?

"तुला माझं सगळं माहितीये, मला तुझं काहीच नाही," आज मैत्रीण बोलता बोलता म्हणाली आणि फोन उलटा ठेवून माझ्याकडे बघत थांबली. मी नेहमीसारखं "अगं ठीकच चाललंय" म्हणून विषय तिच्या नोकरीवर न्यायला लागले तर म्हणाली, बघ, हेच करतेस तू.

दिवसभर डोक्यातून जात नाहीये ते.

मायर्स-ब्रिग्स नावाच्या व्यक्तिमत्त्वाच्या टेस्टमधल्या १६ प्रकारांत माझा निकाल आयएनएफजे (अंतर्मुख, भावनेने विचार करणारा प्रकार) येतो, फार कमी सापडणारा म्हणतात तो. टेस्ट पुन्हा दिली तर निकाल बदलू शकतो म्हणून बरेच मानसशास्त्रज्ञ तिला मानत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण ज्याच्या विचारांवरून ही टेस्ट निघाली त्या मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने १९२१ साली अंतर्मुख माणसाबद्दल मांडलं ना, की त्याची ऊर्जा आत वळलेली असते, ते मला रोज जाणवतं. समोरच्याचा आवाज जरा पडला तरी मला लगेच कळतं, चार जणांत बसून आलं की कोण बोलता बोलता मध्येच गप्प झालं ते रात्रीपर्यंत मनात चालू राहतं, आणि या सगळ्यात माझं स्वतःचं सांगायला शब्द जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

लोकांना वाटतं ही कुणाला जवळ येऊ देत नाही. तसं नाहीये हो! मला नाती हवीच असतात, मोजकीच पण आतपर्यंतची.

बोलण्यापेक्षा लिहून सांगणं सोपं जातं असं कुणी आहे का इथे? तुमच्या जवळच्यांना ते कसं समजावलंत?