ओरोव्हिल: सामन, सरस आणि धनुष्याची पाठ

सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातून कॅलिफोर्नियातलं ओरोव्हिल साधारण दीडशे मैल. सॅक्रामेंटो मागे टाकून हायवे ७० धरला की भातशेती लागते, मग बागा, आणि डोंगर सुरू होतात तिथे फेदर नदीकाठी हे गाव. बहुतेक लोक ७७० फुटी धरण बघायला येतात. आम्ही मात्र धरणाखालच्या हॅचरीसाठी, म्हणजे मत्स्यबीज केंद्रासाठी, ऑक्टोबरात जा म्हणू. समुद्रातून परतणारे चिनूक सामन तेव्हा माशांसाठी बांधलेल्या शिडीच्या पायऱ्या चढत असतात आणि पाण्याखालच्या काचेच्या खिडकीतून हातभर अंतरावर दिसतात.

लाकडी धनुष्याच्या पाठीवर, म्हणजे लक्ष्याकडे असणाऱ्या बाजूवर, शोभेसाठी सामनचं कातडं चिकटवतात. असं धनुष्य बनवणाऱ्याने तिथे त्यांच्या अंगाकडे नीट बघावं. अंडी घालायला आलेल्या सामनची चांदी गेलेली असते. कातडं काळपट, जाड होतं, खवले त्यात रुतून बसतात आणि अंगातली चरबी प्रवासात जळून जाते. धनुष्यावर चढवायला असं कमी तेलकट कातडं सोयीचं, पण हे मासे फक्त बघायचे. दुकानात मिळतो तो समुद्रातला, चकचकीत आणि तेलाने भरलेला. त्यामुळे पुढची निम्मी मेहनत तेल काढण्यातच जाते.

गावातच, ओक अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, इशीच्या नावाचा स्मृतिस्तंभ आहे. ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीतला हा शेवटचा माणूस ऑगस्ट १९११ मध्ये इथल्या कत्तलखान्याच्या आवारात सापडला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत, विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला आणि १९१६ मध्ये वारला. त्याच्याकडून धनुष्यबाण शिकलेले डॉक्टर सॅक्स्टन पोप यांच्या नोंदींनुसार, धनुष्याच्या पाठीवर कंडरांचे तंतू चिकटवायला इशी सामनचं कातडं उकळून सरस करत असे.

आमच्या मते हीच गोष्ट आधी डोक्यात बसली पाहिजे. मासळीचं कातडं म्हणजे न शिजवलेला सरस. शोभेसाठी वापरतानाही तो सरस होऊ द्यायचा नाही, एवढंच सांभाळायचं असतं.

धनुष्य ६६ इंची असेल तर मुठीची गुंडाळी वगळून प्रत्येक भुजेला ३१ इंचांच्या आसपास कातडं लागतं. माशाच्या एका बाजूतून बहुधा २४ ते २८ इंच निघतं, म्हणून टोकाकडे जोड आलाच. तो दोऱ्याच्या घट्ट वेढ्याखाली लपतो. भुजा दीड इंच रुंद असेल तर पट्टी दोन इंचांची घ्या. डोक्याकडची बाजू मुठीशी आणि शेपटीकडची टोकाशी ठेवली की माशाचा उतार धनुष्याच्या उताराशी जुळतो. फिश काउंटरवर फिले सोलून घेणारी गिऱ्हाइकं असतात, त्यांची कातडी फेकली जातात. अख्खी बाजू न फाडता मागून घ्या. सॉकाय जातीचा सामन कमी तेलकट, पाळीव अटलांटिक सामन सर्वांत तेलकट.

कातडं फळीवर उलटं पसरून चमच्याच्या कडेने मांस आणि पांढरट पडदा खरवडायचा. सुरी नको, पोटाकडे कातडं कागदासारखं पातळ असतं. खवले शेपटीकडून डोक्याकडे काढायचे. मग भांड्यांच्या साबणाने थंड पाण्यात तीन-चारदा धुवायचं. थंडच. सामन थंड पाण्यातला मासा, त्याचं कातडं ४०-४५ अंश सेल्सिअसच्या आसपास आकसून गोळा होतं. गरम पाण्याने तेल लवकर निघेल, पण कातडंही जाईल.

मग मेणकागदावर पसरून टाचण्यांनी ताणून पंख्याखाली सावलीत वाळवायचं. मेणकागद विसरलात तर ते फळीलाच चिकटेल, शेवटी सरसच तो. एक-दोन दिवसांत पापडासारखं कडक होतं. मग मांसाकडची बाजू अ‍ॅसिटोनने पुसायची, फडक्यावर पिवळट डाग यायचे थांबेपर्यंत. इथे घाई केली तर महिन्याभराने तेल वर येतं: डिंक सुटतो, पॉलिश चिकट राहतं आणि वास येतो तो वेगळाच. साठवण मांजर आणि किड्यांपासून लांब, फ्रीझरमध्ये सर्वांत बरी.

चढवण्याआधी धनुष्य पूर्ण तासून, दोन्ही भुजा सारख्या वाकवून, बाण मारून तपासलेलं हवं. कातडं दुबळ्या पाठीला आधार देत नाही. उलट पाठीवरची चीर झाकून टाकतं. पाठीला १८० नंबरचा पॉलिशपेपर मारून अ‍ॅसिटोनने पुसा. कातडं दहा-पंधरा मिनिटं थंड पाण्यात भिजवून टिपून घ्या. पाणी राहिलं की डिंक पातळ होतो. गरम सरस साधारण ६० अंशांवर लावतात, म्हणून तो इथे नकोच. टाइटबाँड ३ हा लाकडाचा डिंक, किंवा भारतात पाण्याला टिकणारा फेव्हिकॉल चालेल. पातळ थर द्या, जरा चिकट झाला की मुठीकडून टोकाकडे अंगठ्याने हवा काढत कातडं बसवा. दोन्ही कडांना पाव इंच बाहेर राहू द्या. वरून कापडी पट्टी गुंडाळून दाबलं तर तिच्या विणीचा ठसा कातड्यावर कायमचा उमटतो.

दोन दिवसांनी बाहेरची कड ४५ अंशांत पॉलिशपेपर धरून एकाच दिशेने घासली की आपोआप सुटते. वरून घासू नका, रंग त्या वरच्या थरातच असतो. फुगा राहिला तर सुई टोचून सिरिंजने डिंक सोडा. आठवडाभर पूर्ण वाळू द्या, नाहीतर पॉलिशखाली पांढुरका धुरकटपणा अडकतो. आधी मेणविरहित शेलॅकचा एक हात, मग ट्रू-ऑइल या तेल-पॉलिशचे पाच-सहा पातळ हात. चिकटलेलं कातडं अर्धपारदर्शक होतं, म्हणून फिकट लाकडावर नक्षी उठते आणि गडद लाकडावर बुडते.

कॅलिफोर्नियाच्या समुद्रातली सामन मासेमारी २०२३ आणि २०२४ मध्ये बंद होती, त्यामुळे अलास्काच्या माशावर भिस्त ठेवा. महाराष्ट्रात करायचं तर रोहू किंवा कटला घ्या. मोठ्या खवल्यांच्या खाचांची जाळीदार नक्षी मिळते, आणि उष्ण पाण्यातला मासा असल्याने कातडं थोडी जास्त उष्णता सोसतं. फक्त कोकणात पावसाळ्यात हात घालू नका, वाळण्याआधी कुजतं. भात्यासाठी किंवा हातपट्ट्यासाठी मऊ कातडं हवं असेल तर ग्लिसरीन आणि अल्कोहोल निम्मे-निम्मे मिसळून त्यात दोन-तीन दिवस बुडवतात. असं कातडं धनुष्यावर मात्र लावू नका, ग्लिसरीनवर डिंक धरत नाही.