ओसीआरचा मजकूर साफ करताना: रायटरमधल्या रेगेक्सची चालू नोंद

मजकूर जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅनमधून ओसीआरने (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं तंत्र) काढलेला, हत्यार लिबरऑफिस रायटर. कंट्रोल-एच दाबायचं, इतर पर्याय उघडायचे, रेग्युलर एक्सप्रेशन्सवर (म्हणजेच रेगेक्स: ठराविक शब्दाऐवजी नमुना देऊन शोधणं) खूण करायची. विसर्ग, काना आणि ऱ्य मार्गी लागले आहेत. परिच्छेद जोडणं अजून चालू आहे.

विसर्गाच्या जागी बहुतेक ठिकाणी कोलन पडलेला असतो: दु:ख, अंत:करण, नि:शब्द. डोळ्याला खटकत नाही, पण पुढे कोणी योग्य विसर्ग देऊन शोधलं की यातलं काहीच सापडत नाही.

शोधा: `([अ-ॐ]):([अ-ह])`
बदला: `$1ः$2`

पहिल्या कंसात नुसतं क-ह घालून भागत नाही. संगणकाच्या लेखी ‘दु’ म्हणजे द आणि उकार अशी दोन चिन्हं, आणि कोलनला चिकटलेला असतो तो उकार. अ ते ॐ या पट्ट्यात स्वर, व्यंजनं, काना-मात्रा आणि हलन्त सगळं येतं, अंक मात्र बाहेर राहतात. दोन्ही कंसांत अख्खी देवनागरी घेतली तर १०:३० ची वेळसुद्धा विसर्गात जाते. $1, $2 म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या कंसात जुळलेला मजकूर, म्हणजे गट. डॉलरनंतरचा अंक इंग्रजीच हवा; मराठी कळफलक चालू राहिला तर गट ओळखला जात नाही. ‘टीप:पुढील’सारखी, कोलननंतर जागा न सोडलेली ठिकाणंही याच जाळ्यात येतात, म्हणून आधी ‘सर्व शोधा’ करून नजर फिरवावी.

शब्दाच्या शेवटचा कोलन अवघड. ‘उदाहरणार्थ:’ मधला खरा, ‘विशेषत:’ मधला खोटा. इथे नियम शोधत बसू नये, सरळ यादी द्यावी:

`(?<![अ-ॐ])(स्वत|पुन|विशेषत|मुख्यत|सामान्यत|अंशत|वस्तुत):`
बदला: `$1ः`

सुरुवातीची अट (मागे देवनागरी अक्षर नसावं) काढली की ‘सारस्वत:’ या नोंदशीर्षकालाही विसर्ग लागतो. वर्डच्या वाइल्डकार्डमध्ये (तिथला नमुना-शोध) उभी रेघ ‘किंवा’चं काम करत नाही आणि असं मागे वळून पाहणंही नाही, त्यामुळे तिथे एकेक शब्द वेगळा चालवावा लागतो. गटाची खूणही तिथे डॉलर नसून बॅकस्लॅश आहे.

स्कॅनमधला काना दंड किंवा उभी रेघ होऊन येतो. `([क-ह])[।|]([क-ह])` हे पहिलं सुचतं, पण ‘ब।ज।र।त’वर चालवलं की ‘बाज।रात’ उरतं: ‘ज’ पहिल्याच जुळणीत खर्ची पडतो, पुढच्या जुळणीला तो मिळत नाही. पुढचं अक्षर फक्त बघायचं, गिळायचं नाही:

`([क-ह])[।|](?=[क-ह])`
बदला: `$1ा`

ओव्या-अभंगांच्या पानांवर हे चालवू नये. तिथले दंड खरे असतात, आणि जागा न सोडता छापलेले असले तर चरणच एकमेकांत मिसळतात. गद्य भाग निवडून ‘फक्त निवडलेल्या भागात’ हा पर्याय लावावा.

ऱ्य आणि ऱ्ह सगळ्यांत फसवे. ‘कुऱ्हाड’ एकदा ऱ आणि हलन्ताने लिहिलेली असते, एकदा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (झीरो विड्थ जॉइनर) अशी. पडद्यावर दोन्ही सारख्याच. जोडक शोधाच्या खोक्यात आणायला दुसऱ्या प्रकारचा अख्खा शब्द कॉपी करून चिकटवावा. पुढून डिलीटने ‘कु’ काढावा आणि मागून बॅकस्पेस तीनदाच मारावी: ड, काना, ह. चौथ्यांदा मारली तर जोडक जातो आणि मग य आणि ह वरचा प्रत्येक रफार बदलायला निघतो, ‘सूर्य’सुद्धा. उरलेल्या तुकड्यापुढे `(?=[यह])` लिहावं, बदलाच्या खोक्यात `ऱ्`.

विरामचिन्हाआधीची मोकळी जागा ` +([,.;?!])` ने काढून `$1` ठेवलं की झालं.

आता परिच्छेद. ओसीआरमध्ये छापील पानावरची प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद होऊन येते, आणि रायटरचा शोध परिच्छेदाची हद्द ओलांडत नाही. अपवाद एकच: खोक्यात एकटा `$` असेल तर परिच्छेदाचा शेवटच बदलता येतो. म्हणून आधी खऱ्या शेवटांवर खूण करायची:

`([।?!”]|(?<!डॉ|कै|सौ|श्री)\.)$`
बदला: `$1§`

मग `$` च्या जागी एक मोकळी जागा, आणि शेवटी ‘§ ’ च्या जागी बॅकस्लॅश आणि लहान एन. बदलाच्या खोक्यात त्याचा अर्थ नवा परिच्छेद. शीर्षकांना पूर्णविराम नसतो, त्यांच्यापुढे § आधीच हाताने टाकावा, नाहीतर शीर्षक पहिल्या वाक्याला जाऊन चिकटतं. ओळ संपताना योगायोगाने वाक्यही संपलं असेल तर तिथे परिच्छेद उगाच तुटतो. त्यावर अजून तरी स्कॅन शेजारी उघडून हाताने जोडणं, एवढाच इलाज आहे.