नववी पुंगळी

मी दारू विकतो. बंदुकीची. सांगलीत आई हे सांगताना 'बंदुकीची' हा शब्द आधी घेते, तोही जरा मोठ्यांदा.

दुकान इंग्लंडमध्ये, सरे परगण्यात, बिझलीच्या रेंजपासून जवळ. १८९० पासून इथं लांब पल्ल्याच्या रायफल स्पर्धा होतात. माझा अर्धा दिवस लायसन्स तपासण्यात जातो, कारण ते पाहिल्याशिवाय साध्या प्रायमरची, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या टोपीची, डबीही देता येत नाही. उरलेल्या वेळात लोकांच्या रायफलला कोणती गोळी आणि कोणती पावडर मानवते ते शोधून देतो. कोल्हापूरच्या मित्राला यात नेमकं काम काय ते कळत नाही. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेनं कांस्य जिंकलं ते ५० मीटरवर, .२२ रायफलनं. ते काडतूस कारखान्यातूनच बंद होऊन येतं. खेळाडू त्याचा फक्त लॉट पारखून घेतो. आमच्याकडे हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, बहुतेक काडतुसं घरी भरलेली असतात आणि प्रत्येकाचं आपापलं शास्त्र असतं. त्यातलं निम्मं शास्त्र नुसती अंधश्रद्धा, हे माझं मत. मालकांसमोर मी ते बोलत नाही.

आमचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, त्यांना आम्ही मेजर म्हणतो. सैन्यात ते कधीच नव्हते, शाळेत भूगोल शिकवायचे. आयुष्यभर टार्गेट रायफल हा प्रकार खेळले, १५५ ग्रेनची (सुमारे १० ग्रॅमची) गोळी आणि साधी, भिंगाशिवायची साइट. डोळे साथ देईनात तेव्हा बायपॉड (नळीखालचा दोन पायांचा टेकू) आणि स्कोप (दुर्बीण) चालणाऱ्या एफ-टीआर या प्रकारात आले. इथं गोळीच्या वजनाला बंधन नाही, तरी मेजर १५५ सोडायला तयार नव्हते. हलकी गोळी वेगानं निघते खरी, पण पल्ल्याच्या शेवटी तिचा वेग आवाजाच्या वेगाजवळ येतो आणि वारा तिला कुठंही नेतो. २०० ग्रेनची सावकाश निघते, पण वेग राखून असते. हे पटवायला मला दोन हिवाळे लागले.

पावडरीचा प्रश्न त्यांनी निवडलेला नव्हता. वर्षानुवर्षं ते व्हार्गेट वापरायचे. ती ऑस्ट्रेलियात बनते आणि थंडी-उन्हानं फारशी बिथरत नाही. २०१८ च्या सुमारास युरोपच्या रसायनांच्या नियमांमुळं ती इथं मिळेनाशी झाली. मेजरांनी साठवलेला शेवटचा डबा संपला आणि ते माझ्याकडे आले. मी दोन पर्याय ठेवले. एक सिंगल-बेस, नुसत्या नायट्रोसेल्युलोजची. दुसरी डबल-बेस, तिच्यात नायट्रोग्लिसरीनही असतं, त्यामुळं तेवढ्याच जागेत जास्त जोर. मी दुसरी सुचवली.

आता थोडी फुशारकी. पावडर ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या हिशेबात सुमारे अर्धी गुंज. मार्चमध्ये मी ०.३ ग्रेनच्या पायऱ्यांनी काडतुसं भरली. शेवटचे दोन-तीन दाणे चिमट्यानं टाकले. नोकावरून नव्हे, गोळीच्या खांद्यावरून माप घेऊन प्रत्येक गोळी बसवली, कारण नोकांची लांबी एकाच डबीतही सारखी नसते. क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, दहा गोळ्यांत सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ यांच्यातला फरक सेकंदाला ११ फूट. असा आकडा रोज येत नाही. त्या दिवशीच्या वहीत तापमानाच्या रकान्यात मी 'हात गारठले' एवढंच लिहिलंय.

जुलैतल्या त्या रविवारी ३३ अंश होतं. स्टिकलडाउन रेंज, हजार यार्ड, एका टार्गेटवर दोघं आळीपाळीनं. प्रत्येक गोळीला ४५ सेकंद. मेजरांचा जोडीदार ती सगळीच्या सगळी वापरणारा. मेजरांना सवय अशी की आपली पाळी यायच्या आतच काडतूस चेंबरमध्ये घालून बोल्ट बंद करायचा. म्हणजे ते तापलेल्या नळीत मिनिटभर शिजत राहायचं, आणि पावडर तापली की दाब वाढतो. उघडा डबा काळ्या मॅटवर, उन्हात.

मी मागं दुर्बीण लावून बसलो होतो. आधीच्या दोन सायटरमध्ये, म्हणजे अंदाज घ्यायच्या गोळ्यांत, त्यांनी उंची जुळवली. मग तीन व्ही-बुल, म्हणजे ऐन मध्यात. तिथून गोळी वर सरकायला लागली. बुलमध्ये, म्हणजे टार्गेटच्या मधल्या वर्तुळात, आधी वरच्या अंगाला, मग अगदी कडेला. मेजर क्लिक खाली घेत होते. एक क्लिक म्हणजे कोनाच्या मापात पाव मिनिट, तिथं अडीच इंच. पण जी गोळी जास्त थांबली ती जास्त वर, जी कमी थांबली ती खाली. क्लिकनं हे सुटणारं नव्हतं. वाऱ्याचं काही नव्हतं, झेंडे मरगळून काठीला चिकटले होते.

नवव्या गोळीनंतर मेजरांनी बोल्ट उघडायला तळहाताचा खालचा भाग वापरला. ठोकल्यासारखा. पुंगळी बाहेर आली तेव्हा प्रायमर सपाट, कडा मिटलेल्या, पितळेवर एक चकचकीत खूण. दाब वाढल्याची ही बाराखडी मी इतरांना शिकवतो.

मी गप्प बसलो. त्यांचा स्कोअर अजून वाचण्यासारखा होता, शिवाय लोड माझा होता. दहावी गेली. अकरावी गेली, बोल्टला दोन ठोके लागले. मग मी वाकून त्यांच्या खांद्याला हात लावला, म्हटलं, थांबा, दाब वाढतोय. त्यांनी वाद घातला नाही. बोल्ट उघडा ठेवून, रायफल सोडून उठले.

"कधीपासून?" एवढंच विचारलं.

"आत्ताच दिसलं," मी म्हणालो.

रात्री त्यांची उरलेली काडतुसं मी सोडवली. कॉलेट नावाच्या पकडीनं गोळ्या उपसल्या आणि एकेक भरण पुन्हा काट्यावर टाकलं. ४६ पैकी एकही ०.१ ग्रेनच्या बाहेर नव्हतं. चूक सापडली असती तर बरं झोपलो असतो. गारठलेल्या हातांनी ठरवलेलं प्रमाण मी ३३ अंशांत पाठवलं होतं, आणि तेही अगदी तंतोतंत.

मालकांचं म्हणणं, डबा उन्हात ठेवणारा माणूस जबाबदार. दुकानाच्या दृष्टीनं ते सोयीचं आहे.

गुरुवारी मेजर आले. काउंटरवर त्यांचा प्लास्टिकचा डबा ठेवला, खणांचा. मास्तर माणूस, मारलेली पुंगळीही ज्या खणातून काडतूस घेतलं त्याच खणात, क्रमानं परत ठेवतो. त्यांनी झाकण उघडलं. पहिल्या दोन सायटरच्या, मग आठ, तोंडं वर करून. पुढच्या तीन उलट्या ठेवलेल्या, सपाट प्रायमर वर दिसतील अशा.

मी त्या तिघींकडे बघत राहिलो. त्यांनी चष्मा पुसला.

"या वेळी ती सिंगल-बेस दे," ते म्हणाले, "सावकाशवाली." मग खिशातून पाकीट काढलं आणि झाकण तसंच उघडं ठेवून पैसे मोजायला लागले.