कॅमेरा पुढच्या दारावर, चोर मागच्या दारानं

चोर मागच्या दारानं आला. आणि चौथ्या दिवशी आम्ही पहिला कॅमेरा लावला तो पुढच्या दारावर. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा घरातल्या एकालाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

दोन रात्री आम्ही घरी नव्हतो. परत आलो तर पुढचं कुलूप जागच्या जागी. आत पाऊल टाकलं आणि कपाटं सताड उघडी दिसली. लॅपटॉप, थोडे दागिने आणि मुलीचा पैसे साठवायचा डबा गेला होता. डब्यात होती जेमतेम खुळखुळण्यापुरती नाणी, पण ती रडली त्या डब्यासाठीच. पुढचे दोन महिने ती स्वतःच्या खोलीत झोपली नाही.

पोलिसांत तक्रार देताना लॅपटॉपचा सिरियल नंबर विचारला. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. बिल लॅपटॉपच्याच बॅगेत होतं. दागिन्यांचा म्हणून जो एक फोटो सापडला त्यात सासूबाईंचा हार अर्धा झाकलेला. आता प्रत्येक किमती वस्तूचा फोटो, नंबर आणि बिल माझ्या बहिणीकडे असतं. यासाठी एक दुपार लागली, पैसा एकही नाही, आणि हे चोरी होण्याआधी करायचं काम होतं.

मागच्या दाराच्या कुलपावर साधा ओरखडाही नव्हता. बोल्ट चौकटीतल्या ज्या पत्र्याच्या पट्टीत जाऊन बसतो, ती पट्टी बोटाच्या पेराएवढ्या दोन स्क्रूंवर तगून होती. पहारीचा एक रेटा दिला असेल. पट्टी लाकडाचा ढलपा घेऊन बाहेर आली. कुलूप चांगलंच होतं, आम्ही ते बिस्किटाला लावलं होतं असं म्हणा.

हे डोळ्यांनी बघूनही आम्ही आणले कॅमेरे. भीतीला काहीतरी दिसणारं हवं असतं. नवऱ्यानं चार कॅमेरे आणि एक रेकॉर्डर आणला, दोन सुट्ट्या घालवून स्वतः बसवला, आणि आम्ही रात्र रात्र मोबाइलवर आपलंच रिकामं अंगण बघू लागलो.

पहिला धडा कोळ्यानं दिला. अंधारात कॅमेरा इन्फ्रारेड दिव्यांच्या उजेडात बघतो. त्या मंद उबेला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि भिंगासमोर जाळं विणतो. जाळं हललं की कॅमेऱ्याला वाटतं कुणीतरी चालतंय. रात्रीत चाळीस-चाळीस सूचना. आठवडाभरात आम्ही मोबाइलचा आवाज बंद केला, म्हणजे कॅमेरा असून नसल्यासारखा. दुसरा कॅमेरा खिडकीच्या काचेआड आतून लावला होता. दिवसा चित्र झकास, रात्री पांढराफटक, कारण त्याचाच उजेड काचेवरून त्याच्याच डोळ्यात. तिसरा इतका उंच की फक्त डोक्यांचे वरचे भाग दिसत. टक्कल असलेला चोर कदाचित ओळखता आला असता.

चौथ्याचं गणित मी स्वतः मांडलं. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर चित्रात मीटरभर रुंदीला साधारण 250 पिक्सेल लागतात. ओळखीचा माणूस ओळखायला 125 पुरतात. आमच्या कॅमेऱ्याचं चित्र 1920 पिक्सेल रुंद, आणि त्यात बसवलं होतं पंधरा मीटर अंगण. मीटरला आले 128. नवरा आला की तो ओळखू यायचा. चोर आमच्या ओळखीचा असेल तर प्रश्नच नव्हता! शेवटी तो कॅमेरा खाली आणून फक्त दाराच्या वाटेवर रोखला. तसंच साठवणीचं. एका कॅमेऱ्याचा प्रवाह सेकंदाला 4 मेगाबिट धरला तर दिवसाचे 43 जीबी होतात. चौघांचं चित्रण एक टेराबाइटच्या डिस्कवर सहा दिवसही मावत नाही. आम्ही दहा दिवस बाहेर गेलो तर पहिले चार दिवस पुसले गेलेले. हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायचं असं ठेवल्यावर महिनाभर पुरायला लागलं, अर्थात कोळ्याची जाळी नेमानं झाडली तर.

आणि रेकॉर्डर ठेवला होता कुठे? दिवाणखान्यात, टीव्हीखाली. चोरानं जाताना तोच उचलला असता. पासवर्ड तर डब्यावर छापून आलेलाच होता. 2016 मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमनं कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून जगभरातले असेच कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या वेबसाइट्स बंद पाडल्या, हे मी त्या दिवसांत वाचलं. उठून आधी पासवर्ड बदलला, लॉगिनला मोबाइलवर येणाऱ्या कोडची दुसरी पायरी लावली, मग झोपले.

त्याच जागरणांत मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन भेटली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली ही नर्स. अवेळी दार वाजलं आणि घरात एकटी असली तर जीव मुठीत यायचा, म्हणून तिनं नवऱ्यासोबत घराच्या सुरक्षेची एक यंत्रणा कागदावर उतरवली. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, चित्र आतल्या खोलीतल्या पडद्यावर, बाहेरच्याशी बोलायची सोय, दार उघडायचं बटण आणि मदत बोलवायचं वेगळं बटण. 1966 मध्ये अर्ज केला, 2 डिसेंबर 1969 ला पेटंट मिळालं. माझ्या डोक्यात घंटा वाजली. तिला दार उघडण्याआधी बघायचं होतं. आम्ही मात्र चोरी झाल्यावर बघायची तयारी करत होतो.

दुसऱ्या दिवशी जेवताना नवरा म्हणाला, "आपणच चोर होऊन बघू. किल्ली नाही, आत यायचंय. कसं?" आम्ही दोघं विचार करत होतो तोवर मुलगी म्हणाली, "मी बाथरूमच्या खिडकीतून येते की."

"येते म्हणजे?"

"किल्ली विसरले की. काचेच्या पट्ट्या सरकवल्या की निघतात."

ती हे वर्षभर करत होती. सासूबाईंना ठाऊक होतं. त्यांनी आमटीच्या वाटीत डोकं घातलं.

खरं काम त्या जेवणानंतर सुरू झालं. सुतारानं मागच्या दाराची चौकट बदलली, पट्टी जाड घेतली आणि तीन इंची स्क्रू आरपार भिंतीत गेले. ते दार बाहेर उघडतं, म्हणजे बिजागऱ्या बाहेर. खीळ ठोकून काढली की कुलूप लावलेलं दारसुद्धा बिजागरीच्या बाजूनं निघतं. म्हणून त्या बाजूलाही चौकटीत शिरणारे पोलादी खुंटे बसवले. बाथरूमच्या खिडकीला आतून गज. चार कॅमेऱ्यांवर खर्च झाला त्याच्यापेक्षा हे सगळं स्वस्तात झालं, हे नवऱ्याला मी अजून महिन्यातून एकदा तरी ऐकवते.

मग अलार्म. दारं-खिडक्यांना चुंबकाचे सेन्सर: चौकटीवर एक डबी, दारावर चुंबक, दोघांची ताटातूट झाली की पॅनलला, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीला, कळतं. इतका साधा प्रकार की बिघडायला फारसं काही नाही. बैठकीत मात्र हालचाल टिपणारा सेन्सर, आणि तिथं आमचं घोडं पेंड खायला लागलं. तो अंगातली उष्णता एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली की चाळवतो. आमच्याकडे तो पश्चिमेच्या खिडकीसमोर होता. ऊन जमिनीवर यायचं, गरम झालेला पडदा हलायचा, भोंगा केकाटायचा. तीन आठवड्यांत अकरा वेळा. बाराव्यांदा वाजला तो पहाटे, सासूबाई पाणी प्यायला उठल्या तेव्हा. बिचाऱ्या भिंतीला धरून उभ्या.

त्या दिवसापासून आम्ही बाहेर पडलो की सासूबाई यंत्रणा बंद करून ठेवू लागल्या. पंधरा दिवसांनी मला कळलं.

"आई, मग लावली कशाला आपण?"

"तुम्ही लावलीत. मला कुणी विचारलं होतं? चोर वर्षातून एकदा आला, तुमचा भोंगा रोज येतो."

यावर उत्तर नव्हतं. मी यंत्रणा बसवणाऱ्या तंत्रज्ञाला पुन्हा बोलावलं आणि यावेळी त्याला सासूबाईंच्या खोलीत बसवलं. तासभर प्रश्न त्यांनी विचारले. रात्री मी उठले तर? बाथरूमला गेले तर? चष्मा नसला तर तो आकड्यांचा चौकोन कसा दिसणार? उत्तरं सगळी त्याच यंत्रात होती, आम्हीच विचारली नव्हती. रात्रीचा वेगळा मोड असतो: दारं-खिडक्या जाग्या, आतला सेन्सर झोपलेला. आकडे नको असतील तर किल्लीच्या जुडग्याला लावायचं छोटं रिमोट असतं, एक बटण लावायला, एक काढायला, आणि तिसरं दाबून धरलं की भोंगा आणि आम्हा दोघांना फोन. दारातून आत आल्यावर बंद करायला मिळणारा वेळ तीस सेकंदांवरून पंचेचाळीस केला. पश्चिमेचा सेन्सर कोपऱ्यात, खिडकीकडे पाठ करून. आणि दिवसा मागचं दार उघडलं की पॅनल नुसतं टिंग करतं. या टिंगवर त्या भलत्याच खूश आहेत. डब्यातलं काही खायला कोण मागं गेलं ते खुर्चीतून कळतं.

आम्ही नसताना भोंगा वाजला की काय होतं, तेही करून बघितलं. काहीच होत नाही. पाच मिनिटं बोंबललं, एकही खिडकी उघडली नाही. शेजारणीला विचारलं तर म्हणाली, "तुमचा रोज वाजतो ना?" अकरा खोट्या हाकांची किंमत ही. आता तिला आधी सांगून ठेवलंय, तिचा नंबर यादीत आहे, आणि आमची एक किल्लीही तिच्याकडे असते. मेन स्विच पाडूनही पाहिला. पॅनलला स्वतःची बॅटरी होती, पण राउटर मेला आणि त्याच्यासोबत कॅमेरे आणि सूचना. राउटर आणि रेकॉर्डर दोन्ही आता यूपीएसवर, माळ्यावरच्या कुलूपबंद कपाटात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मेन पाडून बघायचं काम मुलीनं मागून घेतलंय.

ती पुन्हा तिच्या खोलीत झोपते. कधीपासून, ते नेमकं आठवत नाही.

गेल्या आठवड्यात ती पुन्हा किल्ली विसरली. बाथरूमला गज, शेजारीण बाहेर गेलेली. बेल वाजवून ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, जीभ काढली, डोळे फिरवले. सासूबाई आत पडद्यासमोर बसल्या होत्या. सगळं नीट बघून झाल्यावर त्यांनी बोलायचं बटण दाबलं आणि शांतपणे विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"